गव्हाण भरत चालली होती

नवऱ्याच्या कोटाच्या खिशात तिने हात घातला तो निव्वळ सवयीने. लाँड्रीत आलेला कपडा आत धुवायला जाण्याआधी त्याचे खिसे उलटे करून बघायचे हे तिचं कामच होतं, मग कोट परक्याचा असो की घरचा. उभं आयुष्य त्या काउंटरमागे गेलं होतं आणि माणसं खिशात काय काय विसरतात हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. सिनेमाची तिकिटं, औषधांच्या अर्धवट पट्ट्या, कुणाचा तरी खोटा दात, एकदा तर चक्क जिवंत गोगलगाय. डाग बघून ती माणूस सांगायची. मालकीणबाई तिला दुर्बीण म्हणायच्या, आणि नवीन गिऱ्हाइकांना बजावायच्या, 'हिच्यापासून काही लपत नाही हं, आधीच सांगून टाका.' नवऱ्याच्या खिशात एरवी निघायचे ते नट, वायसर आणि तेलकट चिंधी. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत. पण आज बोटांना लागलं ते कोरडं, टोचरं आणि हलकं. तिने मूठ बाहेर काढली. पेंढा! बोटभर लांबीच्या, तुटक्या, पिवळ्या काड्या, मूठभर. आणि उजव्या बाहीच्या काठावर डाळीच्या दाण्याएवढा जांभळ्या मेणाचा थेंब. थेंब तिने नखाने टोकरला, वास घेऊन पाहिला, आणि कुणी बघायच्या आत पेंढा एप्रनच्या खिशात कोंबला. 'काय गं दुर्बीण, काय सापडलं?' मालकीणबाईंनी हिशेबाच्या मशिनवरून मान वर न करता विचारलं. 'काही नाही, कचरा,' ती म्हणाली.

पेंढा कुठला हे ओळखायला तिला वेळ लागला नाही. आगमनकाळ सुरू झाला, म्हणजे नाताळच्या आधीचे ते चार आठवडे लागले, की सासूबाई बैठकीतल्या फडताळावर सगळी मांडामांड करायच्या. पुढे हिरव्या पानांचं कडं, त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती, दर रविवारी एक जास्त लावायची. कड्याच्या मागे लाकडी गव्हाण, रिकामी. बाळ येशू कापसात गुंडाळून खणात ठेवलेला. त्याला नाताळच्या आदल्या संध्याकाळशिवाय बाहेर काढायचं नाही. आणि गव्हाणीच्या शेजारी पेंढ्याची जुडी. नियम असा की घरातल्या कुणीही एक चांगलं काम केलं, कुणाला न सांगता केलं, की एक काडी गव्हाणीत टाकायची. चार आठवड्यांत जेवढ्या काड्या पडतील तेवढी बाळाची गादी. कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. सांगितलं तर ती काडी परत जुडीत. हा शेवटचा नियम लेकीने लहानपणी काढलेला, कारण तिला आजीची चलाखी ठाऊक होती. आता लेक लग्न करून परमुलखात गेली होती आणि या नाताळलाही येणार नव्हती, पण सासूबाईंनी गव्हाण मांडणं काही सोडलं नव्हतं. लेक गेल्यापासून तळ कसाबसा झाकला जायचा. 'यंदाही बाळाला फळीवरच झोपवा,' असं म्हणत सासूबाई बाळ ठेवायच्या आणि डोळे पुसायच्या. आणि यंदा? अजून दुसरी मेणबत्ती लागायची होती आणि गव्हाण निम्मी भरली होती. ती सकाळी कामाला निघताना बघायची, संध्याकाळी आल्यावर बघायची. दोन्ही वेळा पेंढा वर आलेला असायचा. भाताचं आधण उतू जाताना वर यावं तसा.

आता बघा, हिशेब सोपा होता. घरात माणसं तीन. सासूबाई गुडघ्यांनी बेजार, खुर्चीतून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून खुर्चीपर्यंत. खुर्चीत बसून माणूस किती पुण्य करणार? तिने स्वतः एकही काडी टाकलेली नव्हती, हे ती कुणाही समोर छातीवर हात ठेवून सांगू शकली असती. वेळ कुठे होता? नाताळच्या आधी अख्खं गाव कपडे धुवायला काढतं. म्हणजे राहिला तो. फडताळावर गव्हाणीपर्यंत हात न्यायचा तर पेटत्या कड्यावरूनच न्यावा लागतो, म्हणूनच बाहीवर मेण. पण हा माणूस कोण? ज्याला स्वतःचं ताट उचलायची आठवण करून द्यावी लागते तो. असा माणूस गुपचूप इतकी चांगली कामं कशापायी करील, आणि करतो तर ती दिसत कशी नाहीत? आणि काड्या खिशात घालून गावभर फिरतो कशाला? करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं तिची आई म्हणायची, आणि आईने ते उगाच म्हटलं नव्हतं.

तिच्या वडिलांनी एका आगमनकाळात घरातलं सगळं नीट केलं होतं. ती तेव्हा वेण्या घालायच्या वयाची होती. स्वयंपाकघराचं दार खालून घासत होतं, ते त्यांनी रंधा मारून हलकं केलं. सुऱ्यांना धार लावली. आईच्या शिवणयंत्राला तेल घातलं, आणि पट्टा नवा बसवला. रोज संध्याकाळी मेणबत्तीपाशी बसून जपमाळ म्हणत, आणि त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता की आई शेजारणीला सांगायची, 'यंदा देव खरंच आला हो आमच्या घरी.' फादरांपुढे पापनिवेदनाला गेले आणि परत आले ते न्हाऊन आल्यासारखे, केस ओले नसून ओले वाटावेत असे. मुलीला त्यांनी जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, त्या हाताला तेलाचा वास येत होता, शिवणयंत्राच्या तेलाचा. नाताळ झाला, कडं उतरवलं, आणि ते गेले. पलीकडच्या गावी एक बाई होती, कितीतरी आधीपासून होती. आई उंबऱ्यात उभी राहिली, दार उघडं धरून. ते दार आता अजिबात घासत नव्हतं, नुसतं बोट लावलं तरी मिटायचं. पुढे कितीतरी वर्षं मुलगी त्या दाराकडे बघत आली. सगळं नीट करून गेले. मागे कुणाला बोलायला जागा ठेवली नाही. चांगुलपणाला तेव्हापासून तिच्या नाकात तेलाचा वास होता.

आणि इथे नवऱ्याने या आठवड्यात न्हाणीघरातला नळ दुरुस्त केला होता. पावसाळ्यापासून गळत होता, कुणी म्हटलं नव्हतं. खिडकीची खिटी बसवली. तिच्या बुटांच्या टाचा झिजल्या होत्या त्या परस्पर मोच्याकडून लावून आणल्या आणि बूट होते तिथे ठेवून दिले, जणू काही झालंच नाही. लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नाही, दिव्याखाली अंधार, म्हणून ते तीन जिने चढताना नव्या टाचा टकटक वाजायच्या आणि प्रत्येक पायरीवर तिच्या मनात एकच यायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. सगळ्यात संशयाची गोष्ट वेगळीच होती. तो भांडत नव्हता. पूर्वी तिने काही विचारलं की भडकायचा, ताट सरकवायचा, 'तुला पोलिसात नोकरी द्यायला हवी होती' म्हणायचा. आता मूग गिळून बसायचा. ती फोन करायची दुपारी, 'कुठे आहात?' 'बँकेच्या इमारतीत.' 'मागे बाईचा आवाज येतोय.' 'लिफ्टचा आहे तो. मजला सांगते ती.' 'लिफ्टमधली बाई हसते का?' यावर पूर्वी फोन आपटला असता. आता नुसता श्वास ऐकू यायचा, मग काहीतरी सळसळल्यासारखं, कागदासारखं, आणि शांतपणे, 'ठेवू का? वर चढायचंय.' त्या सळसळीने तिचं दुपारभर कामात लक्ष लागायचं नाही. गप्प बसणारा माणूस काहीतरी सांभाळत असतो. वडील नव्हते का झाले गप्प?

कोट नेल्याच्या संध्याकाळी तो दारामागची खुंटी चाचपत होता. 'कोट कुठे गं?' 'धुवायला नेला. काखेत डाग होता.' 'अगं, थंडीत... बरं. खिशात काही होतं का?' हे त्याने इतक्या सहज विचारलं की तिचे कान टवकारले. 'काय असायला हवं होतं?' 'काही नाही. असंच.' 'काही नव्हतं,' ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्याने फडताळाकडे एकदा पाहिलं, चटकन नजर काढून घेतली, आणि पाणी प्यायला आत गेला. दोघंही खोटं बोलले होते आणि दोघांनाही ते कळलं होतं, असं तिला वाटलं. तिच्याकडचा पेंढा एप्रनमध्ये होता, एप्रन पिशवीत, पिशवी पलंगाखाली. त्या पिशवीत आता एप्रनवर दोन साड्या, औषधं आणि तिचे चांगले बूट होते. भावाला तिने कळवून टाकलं होतं, नाताळ झाला की येते, मागची खोली रिकामी असेल ना? भाऊ म्हणाला, 'ताई, काय झालं?' 'काही होण्याच्या आधी येतेय,' ती म्हणाली. एवढं तिचं पक्कं ठरलं होतं. आईसारखं उंबऱ्यात उभं राहायचं नाही. तो जायच्या आत आपण जायचं.

देवळात त्या रविवारी फादर म्हणाले होते, हा काळ जागं राहण्याचा आहे. घरधनी कधी येईल सांगता येत नाही, झोपू नका, डोळे उघडे ठेवा. तिने मान डोलावली होती. तिच्याइतकं जागं त्या देवळात दुसरं कोण होतं? नवऱ्याच्या सदऱ्याच्या कॉलरी ती इस्त्रीआधी उजेडात धरायची. तो गॅलरीत जाऊन फोनवर बोलला की ती धुतलेली भांडी पुन्हा धुवायची, कारण मोरीतून गॅलरीतलं ऐकू येतं. ऐकू यायचं ते 'हो', 'पोचतो', 'केबल बदलावी लागेल', आणि कुणी मुद्दाम लपवायचं ठरवलं तर आणखी काय बोलेल? तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लागली. सगळे आनंदाचा रविवार म्हणाले. गव्हाण काठापर्यंत आली होती. तिने एकदा कुणी नसताना काड्या मोजायला घेतल्या, पण त्या एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की एक उचलावी तर चार वर येत. सासूबाई खिडकीपाशी डुलकी घेत होत्या असं तिला वाटलं होतं. 'मोजून काय करशील, पोरी?' त्या डोळे न उघडता म्हणाल्या. 'वजनावर नाही विकायचं ते.' 'आई, तुम्हाला दिसतं सगळं. कोण टाकतं हे?' 'विचारायचं नाही असं ठरलंय.' 'इतकी चांगली कामं कुठली हो असतात?' सासूबाईंनी एक डोळा उघडला. 'तुला काय वाटतं, चांगलं काम म्हणजे नेहमी काहीतरी करायचंच असतं?' आणि पुन्हा डोळा मिटला. म्हातारीचं हे असंच, ताकास तूर लागू द्यायची नाही. शेवटी लेक त्यांचाच, तिने मनाशी म्हटलं, आणि सासूबाईंच्या त्या प्रश्नाचा अर्थ तिला तेव्हा कळला नाही.

नाताळच्या तोंडावर देवळातून फादरांचा जांभळा झगा लाँड्रीत आला, मेणाने बरबटलेला. मेण काढायची एक रीत आहे. वर-खाली शोषकागद ठेवायचा आणि कोमट इस्त्री फिरवायची. घाई करून कडक इस्त्री लावली की मेण सुतात शिरतं आणि मग जन्मात निघत नाही. हे ती नव्या मुलींना शिकवायची. त्या दिवशी तिचं लक्ष दुपारच्या फोनवर होतं. नवऱ्याने उचललाच नव्हता. जळल्याचा वास आला तेव्हा झग्यावर इस्त्रीच्या टोकाएवढा तपकिरी डाग उठला होता. मालकीणबाई नुसतं म्हणाल्या, 'दुर्बीण, अगं तू?' तो प्रश्न तिला शिवीपेक्षा लागला. रफू करून, आतून पट्टी लावून झगा पोचवायला ती स्वतः देवळात गेली, आणि समोर पापनिवेदनाची रांग होती म्हणून रांगेत उभी राहिली. जाळीपलीकडे फादर होते, खोकला झालेले. तिने सुरुवात केली. झगा जळला ते सांगितलं, आणि मग बोलण्यात नवरा आला. खिशातला पेंढा आला, बाहीवरचं मेण, नळ, खिटी, टाचा, लिफ्टमधली बाई, गॅलरीतले फोन. बोलता बोलता तिला रडू फुटलं. 'बाई,' फादर खोकत म्हणाले, 'त्यांची पापं ते सांगतील. त्यांची रांग वेगळी नसते, पण पाळी वेगळी असते. तुमचं काय?' 'माझं काय, फादर? मी कुणाचं वाईट केलं नाही. मी फक्त बघते.' पलीकडून खोकल्याची गोळी चघळल्याचा आवाज आला. 'प्रायश्चित्त म्हणून गव्हाणीत एक काडी टाका. एकच. आणि कुणाला सांगू नका.' एवढंच? तिला अपमान झाल्यासारखं वाटलं. देवळाबाहेर आल्यावर तिने पायऱ्यांवरच्या म्हातारीला हात दिला, पण म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं 'देव भलं करो' म्हणाली, तेव्हा ती काडी बाद. शेजारणीच्या दारातला केर काढला, तर शेजारीणच दारात आली. सासूबाईंचे पाय चेपले, पण त्या म्हणाल्या, 'आज काय विशेष?' काय दैना बघा! एक चांगलं काम लपवून करायचं, तर ते तिला साधत नव्हतं; सगळी लपवाछपवी घरातल्या दुसऱ्या माणसाकडे होती.

नाताळच्या आदल्या दुपारी तो लवकर घरी आला. बैठकीत सासूबाई गोठ्याच्या देखाव्यातले लाकडी मेंढपाळ मांडीवर घेऊन जुन्या ब्रशने त्यांची धूळ काढत होत्या. ती टेबलापाशी उभी होती. खरं तर नाताळ होईपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण त्याने जिन्यातच शीळ घातलेली तिने ऐकली आणि तिला राहवलं नाही. वडीलसुद्धा गेले त्या दिवशी शीळ घालत होते. तिने पिशवी टेबलाच्या पायाशी आणून ठेवली, एप्रन बाहेर काढला, खिसा उलटा केला आणि पेंढा टेबलावर ओतला. 'हे काय आहे?' त्याने आधी पेंढ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. 'तुझ्याकडे होत्या होय,' तो म्हणाला. 'मी कामावर दोनदा शोधल्या.' 'हे काय आहे विचारतेय मी.' 'ते सांगायचं नसतं.' 'नियम गेला खड्ड्यात! एवढं कसलं पाप फेडताय? कोण आहे ती? सांगून टाका एकदाचं, मी उभी राहणार नाही दारात, मी माझी जातेय.' सासूबाईंचा ब्रश थांबला. तो खुर्चीवर बसला. कोट तिने अजून लाँड्रीतून परत आणला नव्हता, म्हणून तो दोन स्वेटर घालून फिरत होता, आणि त्यात जाडजूड आणि केविलवाणा दिसत होता. तळहातावरची तेलाची रेघ तो अंगठ्याने पुसत राहिला.

'तू विचारतेस ना,' तो शेवटी म्हणाला, 'कुठे होतात, कोण होतं, वास कसला. मी उलटून बोलायचो. दरवर्षी पापनिवेदनाला तेच सांगायचो, बायकोवर ओरडतो. यंदा म्हटलं, ओरडायचं नाही. तू विचारलंस आणि मी उलट बोललो नाही, की एक काडी. कामावर फोन यायचा तेव्हासाठी खिशात घेऊन जायचो काड्या. फोनवर असताना एक हातात धरली की तोंड गप्प राहतं. घरी आल्यावर टाकायचो.' तो थांबला. 'दुसरं काही नाही त्यात.'

तिने फडताळाकडे पाहिलं. गव्हाण काठोकाठ भरली होती, वरून काड्या बाहेर लोंबत होत्या. एवढी. एवढ्या वेळा. सकाळी निघण्याआधी, दुपारी, संध्याकाळी पाय धुताना, जेवताना. तिच्या कानात तिचा स्वतःचा आवाज एका पाठोपाठ एक येऊ लागला, आणि तो आवाज तिला ओळखीचा वाटेना. दुसरीच कुणीतरी बाई विचारतेय, विचारतेय. 'आणि नळ?' तिने तरीही विचारलं. सवयच ती. 'नळ गळत होता,' तो म्हणाला. 'दोन-तीन माझ्याही आहेत बरं का त्यात,' सासूबाई मेंढपाळाच्या टोपीवर ब्रश फिरवत म्हणाल्या, 'कशाच्या ते विचारू नकोस.' कुठल्याही दुसऱ्या दिवशी ती या बोलण्यावर चिडली असती, किंवा हसली असती. आता तिला दोन्ही जमलं नाही. लाज वाटत होती, कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि त्या लाजेच्या खाली, अगदी तळाशी, अजूनही काहीतरी कुजबुजत होतं. आधीच ठरवून ठेवलेलं उत्तर असेल तर? इतकं नीटनेटकं कोण बोलतं? तिने त्या कुजबुजीचा तिरस्कार केला, आणि ती ऐकतही राहिली.

तो उठला आणि फडताळापाशी गेला. 'आता सांगितलं,' तो म्हणाला. 'काढायला हव्यात.' 'राहू द्या हो,' ती म्हणाली. तो खुळ्यासारखा नियमाचा पक्का होता. लिफ्टच्या दारावर किती माणसं लिहिलं असेल तेवढीच चढू देणारा माणूस. त्याने ओंजळीने पेंढा उचलला आणि जुडीत परत ठेवला. पुन्हा ओंजळ. पुन्हा. टेबलावरच्या काड्याही त्याने गोळा करून जुडीत घातल्या. गव्हाणीचा तळ दिसू लागला, फळीच्या गाठी दिसल्या, आणि शेवटी कोपऱ्यात दोन-तीन काड्या तेवढ्या राहिल्या, म्हाताऱ्या बोटांनी टाकलेल्या. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, थांबा, असं करू नका. पण सांगणार कुठल्या तोंडाने? बाळाची गादी तिच्या विचारण्याने भरली होती आणि तिच्या विचारण्यानेच रिकामी झाली.

दिवस मावळताना चारी मेणबत्त्या लावल्या. सासूबाईंनी कापूस सोडवला, बाळाच्या कपाळाला ओठ लावले, आणि काठीच्या आधाराने फडताळापर्यंत येऊन त्याला गव्हाणीत ठेवलं. लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज झाला. 'यंदाही फळीवरच,' त्या म्हणाल्या, पण नेहमीसारखे डोळे पुसले नाहीत, सुनेकडे पाहिलंही नाही. मिस्सेची, म्हणजे देवळातल्या रात्रीच्या प्रार्थनेची, तयारी करायची म्हणून काठी टेकत आत गेल्या. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने नंबर पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती, दोन स्वेटरांची पाठ. तो हळू बोलत होता. एकदा हसला. हसला! कोण असेल नाताळच्या संध्याकाळी? बोलताना हसण्यासारखं काय होतं? मोरीतली भांडी तिला हाका मारू लागली. ती हलली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली, बोटांची पेरं पांढरी होईस्तोवर.

तो आत आला. दार लावलं, आणि लावता लावताच त्याचा हात सवयीने फडताळावरच्या जुडीकडे गेला. एक काडी उपसून त्याने चिमटीत धरली आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, चेहरा आधीच गप्प करून, पाऊस येणार हे ठाऊक असलेला माणूस छत्री धरून उभा राहतो तसा. किती दिवस हा असा उभा राहत असेल, तिला वाटलं, आणि मी बघणारी, मला हे एवढं दिसलं नाही. प्रश्न जिभेवर होता. आख्खा, तयार, गरम. तिने तो गिळला. गिळताना खरोखर दुखलं. 'इस्पितळातली लिफ्ट अडकलीये,' तो वाट बघून म्हणाला, 'मिस्सेला थेट देवळातच येतो.' ती म्हणाली, 'गळ्याला काहीतरी गुंडाळा. बाहेर वारा आहे.' तो तसाच उभा. चिमटीतल्या काडीचं काय करावं हे त्याला कळेना. ती टाकायला कारणच मिळालं नव्हतं. शेवटी त्याने ती परत जुडीवर ठेवली, हत्यारांची बॅग उचलली, टेबलाच्या पायाशी असलेली तिची पिशवी वाटेतून जरा बाजूला सरकवली, आणि दार उघडून गेला. पिशवीबद्दल त्यानेही काही विचारलं नाही. पावलं जिन्यावरून खाली खाली गेली.

फोनवर कोण होतं ते तिला कळलं नाही. इस्पितळ असेल. नसेलही. कळायला हवं होतं, फार हवं होतं. खिडकीशी जाऊन तो कुठल्या वाटेने वळतो एवढं बघितलं असतं तरी पुरलं असतं. ती खिडकीकडे निघाली आणि फडताळापाशी थांबली. सासूबाई आत कपाट उघडत होत्या. कुणी बघत नव्हतं. त्याने ठेवलेली काडी जुडीवर आडवी पडली होती. तीच तिने उचलली, पेटत्या कड्यावरून हात पलीकडे नेला, आणि बाळाचं डोकं एका बोटाने जरासं वर करून काडी त्याखाली सरकवली. एका काडीने काय होतंय, फळी ती फळीच राहिली. हात मागे घेताना मेणबत्तीच्या मेणाचा एक थेंब तिच्या बाहीला लागला, जांभळा, डाळीच्या दाण्याएवढा. तिचं नख आपोआप त्यावर गेलं. 'झालीस का गं तयार?' आतून सासूबाईंनी विचारलं. 'आले, आई,' ती म्हणाली, नख काढून घेतलं, आणि टेबलापाशी असलेली पिशवी पलंगापाशी परत नेऊन त्यातल्या साड्या कपाटात लावू लागली. थेंब बाहीवर तसाच होता. उद्या तो विचारील, हा कसला डाग? विचारू दे, तिने ठरवलं. सांगायचं नाही.